बायकोला चौथा महिना, अन् वावरात फवारणी सुरू आहे

प्रश्न थोडक्यात असा. पांढरकवड्याकडचे एक भाऊ विचारतात की मे महिन्यात लग्न झालं, बायकोला आता चौथा महिना आहे, घर वावराला लागूनच, चारही बाजूनं पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, अन् फवारणी चालूच. दिवस गेलेत हे माहीत नव्हतं तेव्हा जूनमधे तिनं सरकी टोबली, म्हणजे कपाशीचं बी हातानं लावलं, नंतर पंपासाठी पाणीही वाहिलं. सयपाक गॅसवर पण अन् चुलीवर पण, पाणी बोअरचं. तर बाळाला काही होईल का, रक्तातलं विष चेक करायची टेस्ट कुठं होते, आणि तिला माहेरी घुग्घुसला पाठवून देऊ का.

भाऊ, मी लहान मुलांचा डॉक्टर आहे, बाळंतपणाचा नाही, हे पहिलेच सांगून ठेवतो. २४ वर्षं झाली यवतमाळ-वर्धेच्या हद्दीवरच्या एका तालुक्यात बसतो. म्हणजे माझ्याकडे येतं ते लेकरू जन्मलेलं असतं, अन् मग मी मागं मागं जात विचारत बसतो की नऊ महिने घरात काय काय चालू होतं. तुम्ही नऊ महिन्यांच्या मधेच विचारलं, असं फार कमी लोक करतात, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

टेस्टचं पहिले. कोलिनेस्टरेज नावाच्या एन्झाइमची एक रक्ततपासणी आहे, फवारणीच्या बऱ्याच औषधांनी ते उतरतं, पण ती फवारणी करून चक्कर येऊन, तोंडाला फेस येऊन जो माणूस दवाखान्यात येतो त्याच्यासाठी. हे एन्झाइम गरोदरपणात तसंही थोडं उतरतं, म्हणजे रिपोर्ट कमी आला तरी त्याचा अर्थ काही लागत नाही, फक्त घरातले चार जण रात्रभर झोपत नाहीत. लघवीत औषधाचे अंश सापडतात हे खरं, पण बरीचशी औषधं दोन-चार दिवसांत शरीरातून निघून जातात, जूनमधलं आता सापडणार नाही, आणि ती तपासणी संशोधनाच्या लॅबमधे होते, आपल्या गावच्या पॅथॉलॉजीत नाही. कोणी नागपुरात ‘बॉडी टॉक्सिन पॅकेज’ म्हणून काही विकत असेल तर ते पैसे वाचवा, तेवढ्यात दोन-तीन सिलिंडर येतात अन् त्याचा बाळाला जास्त फायदा आहे, ते पुढं सांगतो.

जे करायचं ते साधं आहे. १८ ते २० आठवड्यांची अ‍ॅनॉमली सोनोग्राफी, म्हणजे बाळाच्या अवयवांत दोष आहे का ते बघणारी, वेळेवर करा, ‘पुढच्या महिन्यात जाऊ, सोयाबीन निघालं की जाऊ’ असं नको, कारण त्या तपासणीचा जीव त्या आठवड्यांतच आहे. लोहाच्या गोळ्या, म्हणजे ६० मिलिग्रॅमची लाल गोळी, रोज एक अशी १८० दिवस, आणि कॅल्शियम वेगळ्या वेळी. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची तपासणी असते, आशाताईंना माहीत असतं, तिथं न्या. अन् डॉक्टरला सरकी टोबल्याचं, पाणी वाहिल्याचं सांगा, लपवू नका, बाया हे सांगतच नाहीत, त्यांना वाटतं डॉक्टर ओरडेल.

बाळाला काही होईल का? खरं सांगायचं तर कुठल्याही समाजात, कितीही स्वच्छ हवापाण्यात, १०० बाळांमागं २-३ बाळांना काही ना काही मोठा जन्मजात दोष असतोच. तुमच्या बायकोच्या जूनमधल्या दोन-चार दिवसांच्या कामानं हा आकडा तिच्यापुरता किती हलला हे जगातला कोणी डॉक्टर सांगू शकत नाही, बहुतेक फार नसेल. पण बियाण्याला लाल-निळा रंग असतो ना, तो नुसता रंग नाही, त्यात कीटकनाशक असतं, अन् आपल्याकडं टोबणी बाया करतात, तेही उघड्या हातानं, मधेच त्याच हातानं भाकर खातात. पुढच्या वर्षी सूनबाई असो की मजूर बाई, हातमोजे द्या. वीस-तीस रुपयांचं काम आहे.

इथं एक गोष्ट बोलतो जी कोणी बोलत नाही. आपली लगनसराई एप्रिल-मे ची. पहिलटकरणीचे पहिले दोन-तीन महिने मग येतात कधी, तर जून ते ऑगस्ट, म्हणजे टोबणी, तणनाशक अन् पहिल्या फवारण्या. बाळाच्या मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत बंद होते, म्हणजे पाळी चुकून दोन आठवडे होत नाहीत तोच ते काम आटोपलेलं असतं, आणि आपली पोरगी तेव्हा ‘उशीर झाला असंन’ म्हणून वावरातच असते. अमेरिकेत १९९६ ते २००२ मधल्या जन्मांचा हिशोब मांडला होता तेव्हा एप्रिल ते जुलैत गर्भ राहिलेल्या बाळांत जन्मदोष थोडे जास्त दिसले, अन् तेच महिने तिथल्या नद्या-नाल्यांत शेतीची रसायनं जास्त असण्याचे. हे नुसतं जुळणं आहे, पुरावा नाही, उन्हाळ्यात दुसरंही बरंच काही बदलतं. तरी मी माझ्याकडं येणाऱ्या प्रत्येक नव्या जोडप्याला सांगतो की लग्नाच्या महिन्यापासूनच फॉलिक अ‍ॅसिडची गोळी सुरू करा, अन् पाळी चुकायची वाट न बघता पोरीला फवारणीच्या कामातून काढा. सासरे लोक नाराज होतात, मजुरी वाढते, खरंय.

आता मूळ मुद्दा. पूर्वी डॉक्टर लोकच मानायचे की वार, म्हणजे नाळ जिथं आईला जोडलेली असते ती प्लॅसेंटा, ही भिंत आहे, आईच्या अंगातलं वाईट पोटातल्या लेकरापर्यंत जात नाही. जपानात मिनामाता नावाच्या खाडीत कारखान्याचा पारा गेला, १९५६ मधे तो आजार उघड झाला, अन् तिथं असं दिसलं की आईला विशेष काही नाही पण बाळ मात्र मेंदूनं पांगळं. गंमत म्हणा की दैव म्हणा, जपानी घरांत बाळाची वाळलेली नाळ डबीत जपून ठेवायची पद्धत आहे, आपण पुरतो ते ठेवतात. वर्षांनंतर डॉक्टरांनी त्या नाळी तपासल्या अन् त्यात पारा सापडला, म्हणजे आईच्या पोटातच गेला होता हे पक्कं झालं. त्यानंतर २०१९ मधे बेल्जियमच्या लोकांनी वारेच्या बाळाकडच्या बाजूला धुराच्या काजळीचे कण दाखवले. म्हणजे वार ही गाळणी आहे, अन् तिला बारीक भोकं आहेत. काय आत जाईल हे आईच्या अंगात काय पोचतं त्यावर आहे, आणि म्हणून मी पेशंटला ‘कोणती टेस्ट’ पेक्षा ‘कोणत्या वाटेनं घरात येतं’ हे जास्त विचारतो.

फवारणीचं विष घरात येतं ते वाऱ्यानं कमी, माणसानं जास्त. ही माझी २४ वर्षांची समजूत आहे. लोक खिडकी बंद करतात, अन् मग ज्या शर्टानं सकाळपासून पाच पंप मारले तोच शर्ट घालून खाटेवर बसतात.

२०१७ चा हंगाम तुम्हाला आठवत असेल. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात २० पेक्षा जास्त शेतकरी-शेतमजूर फवारणीच्या विषबाधेनं गेले, शेकडो भरती झाले. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली, बोंडअळीच्या भीतीनं दोन-तीन औषधं एकत्र करून मारणं, दमट हवा, सगळं जुळून आलं. पेपरात सगळं फवारणाऱ्या माणसांबद्दल होतं. त्याच महिन्यात माझ्या ओळखीच्या बाईडॉक्टरकडं एक सातव्या महिन्याची बाई आली, घाम, मळमळ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या बारीक. तिनं आयुष्यात पंप पाठीला लावला नव्हता. विचारलं तर नवऱ्याचे अन् दिराचे फवारणीचे कपडे रोज संध्याकाळी ती बादलीत भिजवून हातानं चोळत होती, अन् गळका पंप न्हाणीतच ठेवलेला, आंघोळ तिथंच. बाई वाचली, बाळ वेळेआधी झालं, वजन दीड किलोच्या आसपास. ते वजन कपड्यांमुळंच कमी भरलं असं मी म्हणत नाही, ती आधीच रक्तानं कमी होती. पण त्या दिवसापासून मी पहिला प्रश्न विचारतो, कपडे कोण धुतं?

तर तुमच्या घरात काय करायचं. फवारणीचे कपडे एकच जोडी वेगळी ठेवा, गोठ्याजवळ खुंटीला, घरात आणायचेच नाहीत. धुवायचे तर ज्यानं फवारलं त्यानं, वेगळ्या बादलीत, साबणाचा सोडा घालून, दोनदा, अन् ते पाणी विहिरीपासून लांब. आंघोळ करूनच बायकोजवळ यायचं, पोरं असतील तर त्यांना आंघोळीआधी उचलायचं नाही. पाणी वाहायचं काम तिचं बंद, आजपासून. बाया म्हणतात मी तर नुसतं पाणी देते, पण औषध मोजून ड्रमात ओततात तेव्हा ते सगळ्यात घट्ट असतं, तोच शिंतोडा सगळ्यात वाईट, फवारणीच्या पाण्यापेक्षा कितीतरी पट. शेजारच्या वावरात फवारणी असेल तर त्या दिवशी तिनं आत बसावं, वाळत घातलेले कपडे, उघडं पाणी, पापड-वड्या आत घ्याव्यात. फवारलेल्या वावरात निंदायला किमान दोन दिवस जाऊ नये, डब्यावर जास्त लिहिलं असेल तर तेवढे दिवस.

डब्यावर त्रिकोण असतो तो बघायची सवय लावा. लाल म्हणजे सगळ्यात विषारी, मग पिवळा, निळा, अन् हिरवा सगळ्यात कमी. कृषी केंद्रवाल्याला स्पष्ट विचारा की लाल-पिवळा सोडून याच किडीवर निळा-हिरवा आहे का, बहुतेक वेळा असतो, पण तो स्वतःहून देत नाही कारण त्याचा हिशोब वेगळा. कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंग पकडणारे, अन् ५ टक्के निंबोळी अर्क हे अकोल्याचं विद्यापीठ वर्षानुवर्षं सांगतंय, मी शेतीतला माणूस नाही त्यामुळं त्यात जास्त बोलत नाही, पण एक फवारणी कमी झाली तर ती एका गरोदर बाईच्या अंगावरचीही कमी होते एवढं मला कळतं. रिकामे डबे फोडून पुरा, त्यात मीठ-तेल-रॉकेल ठेवायचं नाही, संडासला न्यायलाही नाही. अन् धान्यात टाकायच्या त्या गोळ्या, ज्या ओलाव्यानं गॅस सोडतात, त्या झोपायच्या खोलीतल्या कोठीत टाकणं म्हणजे जिवाशी खेळ आहे, गरोदर बाई असो नसो.

आणखी एक, कापूस. भाव वाढेल म्हणून दिवाळीनंतर घरात ढीग मारून ठेवतो आपण, अन् मग घरभर खाज सुटते. त्या खोलीत गरोदर बाईनं अन् नंतर तान्ह्या बाळानं झोपू नये. जागा नाही हे मला माहीत आहे, मग निदान खाट सपरीत टाका.

यानं खरंच फरक पडतो का असं विचाराल, तर कॅलिफोर्नियात सालिनास नावाचं खोरं आहे, भाजीपाला-स्ट्रॉबेरीची शेती, मजूर बहुतेक मेक्सिकोकडचे. तिथं बर्कलीच्या विद्यापीठानं शेकडो गरोदर बायांची लघवी तपासली अन् त्यांची मुलं वर्षानुवर्षं पाहिली. ऑर्गॅनोफॉस्फेट नावाच्या गटातल्या कीटकनाशकांचे अंश आईच्या लघवीत सगळ्यात जास्त होते त्या मुलांची बुद्ध्यांकाची सरासरी सातव्या वर्षी, सगळ्यात कमी असलेल्यांपेक्षा साधारण ७ गुणांनी कमी भरली. २०११ मधे हे छापून आलं, त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या दोन गटांचं कामही साधारण त्याच दिशेनं आलं. एका मुलाकडं बघून हे सात गुण ओळखू येत नाहीत, पोरगं खेळतं, बोलतं, शाळेत जातं. पण एका अख्ख्या गावाच्या शाळेतून प्रत्येकाचे थोडे थोडे गेले तर मास्तराला कळतं, कारण मात्र कळत नाही, तो म्हणतो घरी अभ्यास घेत नाहीत. बाळाकडं हे विष मोडणारं एन्झाइम फार कमी असतं, मोठ्या माणसाला जे पचतं ते त्याला पचत नाही, एवढं त्यामागचं कारण.

आता चूल. याच्यावर मी थोडा जास्त बोलणार, कारण फवारणी दोन-तीन महिन्यांची असते अन् चूल बारमाही. ओली पऱ्हाटी, तुराट्या, गोवऱ्या, अन् पेटवायला पन्नी किंवा सायकलच्या ट्यूबचा तुकडा! हे पन्नी पेटवणं आज बंद करा, बाकी काही नाही जमलं तरी. प्लास्टिकच्या धुरात जे असतं ते लाकडाच्या धुरात नसतं. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटीहून जास्त घट्ट चिकटतो, अन् बाळाच्या रक्तातून निघायला आईपेक्षा जास्त वेळ लागतो. आईला नुसतं डोकं दुखतं, ती म्हणते ‘उन्हानं असंन’. आपल्याकडं गरोदर बायांचं हिमोग्लोबिन आधीच नऊ-साडेनऊ, त्यात हे.

खरं ते सांगायला पाहिजे म्हणून हेही सांगतो, की भारतासह चार देशांत सुमारे ३२०० गरोदर बायांवर मोठा प्रयोग झाला, अर्ध्यांना फुकट गॅस दिला, अर्ध्या चुलीवर. धूर बराच कमी झाला पण बाळांच्या वजनात फरक जेमतेम २० ग्रॅमचा निघाला, म्हणजे नसल्यासारखा. २०२२ मधे हे आलं तेव्हा आम्ही डॉक्टर लोक जरा गप्पच झालो. माझं मत विचाराल तर गॅस मिळेपर्यंत बायांचे गरोदरपणाचे तीन-चार महिने होऊन गेले होते, अन् गावची हवा, शेजारची चूल ती बदलली नव्हती. एका घरात गॅस आला म्हणून गल्लीतला धूर थांबत नाही. तरी मी गॅस वापरा असंच सांगतो, डोळ्यांसाठी, खोकल्यासाठी, अन् जन्मल्यावर बाळ ज्या सयपाकघरात झोळीत झोपणार त्या घरासाठी.

तुमच्या घरी गॅस आहे म्हणता, मग चूल कशाला? मला उत्तर माहीत आहे. आंघोळीचं पाणी, ढोरांचं ढेप-सरकीचं आंबोण अन् सिलिंडर पुरवून वापरायचा म्हणून भाकरी. ज्यांच्याकडं उज्ज्वलाचा सिलिंडर आहे ते सगळे हेच सांगतात, सिलिंडर कोपऱ्यात पाहुण्यांसाठी. मग निदान एवढं करा की चूल अंगणात, भिंतीपासून लांब, अन् पेटवायचं अन् विझवायचं काम दुसऱ्यानं करायचं, कारण सगळ्यात जास्त धूर त्या दोन वेळी होतो. जळतण कोरडं ठेवा, पावसात ओली काडी घालू नका. कवेलूच्या घरात धूर तरी निघून जातो, टिनाच्या बंद खोलीत तो डोक्याएवढ्या उंचीवर साचतो, अन् बाई उभी राहून भाजी फोडणीला टाकते तेव्हा नाक नेमकं त्यातच.

पाणी. तुमच्या भागात, म्हणजे यवतमाळ-चंद्रपूरच्या बऱ्याच गावांत, खोल बोअरला फ्लोराइड निघतं. गावातल्या आठ-दहा वर्षांच्या पोरांचे दात बघा, पिवळे-तपकिरी पट्टे दिसले तर समजा. आपल्या मानकात फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरं पाणीच नसेल तर १.५ पर्यंत चालतं, नायट्रेट ४५ च्या वर अजिबात नाही. उकळून दोन्ही जात नाहीत, उलट पाणी आटलं की प्रमाण वाढतं, हे लोकांना पटतच नाही, ‘उकळलं ना डॉक्टर’ म्हणतात. फ्लोराइड आईच्या पोटात जाऊन बाळाच्या मेंदूला काय करतं यावर जगात अजून भांडण चालू आहे, मी त्यात पडत नाही, पण दात अन् हाडं याबद्दल भांडण नाही. नायट्रेट जास्त असतं ते उथळ विहिरीत, गोठ्याजवळच्या, उकिरड्याजवळच्या, किंवा युरिया जास्त पडलेल्या वावरातल्या. त्याचा धोका सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला, तेही डब्याचं दूध त्या पाण्यात कालवून दिलं तर, ओठ-नखं निळी पडतात. आईच्या दुधात नायट्रेट फारसं उतरत नाही. म्हणून पाणी कसंही असलं तरी अंगावरच पाजा, सहा महिने नुसतं अंगावरच, वरून पाण्याचा थेंब नाही, घुटीही नाही. फवारणीचं विष दुधात उतरंल म्हणून दूध तोडायचं, असंही काही शहाणे सांगतात, त्यांचं ऐकू नका.

पाणी तपासायला ग्रामपंचायतीकडं किट असतं, त्यात अंदाज कळतो, पक्का आकडा पाहिजे तर जिल्ह्याच्या किंवा उपविभागाच्या पाणी प्रयोगशाळेत बाटली द्या. गावात नळयोजनेचं पाणी येत असेल तर प्यायला-सयपाकाला तेच, बोअरचं धुणं-भांड्याला.

बाकीचं भराभर. शिसं आईच्या हाडांत साठतं अन् गरोदरपणात हाडातून कॅल्शियम निघतं तेव्हा त्याच्यासोबत रक्तात येतं, आईच्या अंगात लोह-कॅल्शियम कमी असलं की पोटातून शिसं जास्त शोषलं जातं. म्हणून त्या लाल गोळ्या नुसत्या रक्तासाठी नाहीत. जुन्या बॅटऱ्या घरात फोडू नका, बाजारातला खुला सुरमा-काजळ बाळाच्या डोळ्यात नको, अन् सुटी पिवळीजर्द हळद घेण्यापेक्षा समुद्रपूरकडची वायगाव हळद गाठीच घेऊन दळून आणा, आपल्या हाताशी चांगली हळद असून आपण भेसळीची खातो. अन् खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचा. तुमची बायको खात नसेल, पण विचारून घ्या, लपून खाणाऱ्या बाया मी खूप पाहिल्या, ‘मळमळ थांबते’ म्हणून सुरू होतं. तंबाखूनं बाळाचं वजन कमी भरतं यात काहीच शंका नाही, वर लिहिलेल्या सगळ्यात जास्त पक्कं हेच आहे. घरात बिडी ओढणाऱ्या आजोबांना बाहेर ओट्यावर बसवा.

आता माहेरचं. घुग्घुस म्हणजे कोळशाच्या खाणी, सिमेंट, ट्रकची धूळ, अन् पलीकडं चंद्रपूरचं २९२० मेगावॉटचं वीज केंद्र. चंद्रपूरला तर २००९ मधेच केंद्राच्या प्रदूषण मंडळानं अतिप्रदूषित भागांच्या यादीत टाकलं होतं. तेव्हा विषारी वावरातून उचलून शुद्ध हवेत नेऊन ठेवतो असं जर तुमच्या मनात असेल तर तसं काही नाही. माझ्या मते आता सप्टेंबर-ऑक्टोबर तिला तुमच्याकडंच राहू द्या, घरातल्या वाटा बंद करा, त्या तुमच्या हातात आहेत, घुग्घुसची धूळ तुमच्या सासऱ्यांच्या हातात नाही. ती राहिली की फवारणीच्या कामातून तिची सुटका होणारच नाही, घरात दुसरी माणसंच नाहीत, असं असेल तर मात्र दोन महिने पाठवा, ते बरं. रीतीप्रमाणं सातव्या महिन्यात ओटी भरून नेतीलच, बाळंतपण फेब्रुवारीच्या मध्यात येईल, म्हणजे आधी थंडीचे दिवस, हवा खाली बसलेली, सकाळी धुकं अन् धूर एकच. नेण्याआधी एक गोष्ट फोन करून विचारा, घरात कोळशाची शेगडी पेटते का. खाणीजवळच्या वस्त्यांत बऱ्याच घरी पेटते, कोळसा स्वस्तात मिळतो. ती खोलीत पेटत असेल तर बाळंतपण तुमच्याकडं करा किंवा शेगडी काढायला लावा, मधलं काही नाही.

अन् बाळंतिणीची खोली. खिडकीला गोधडी, दाराला पडदा, खाटेखाली निखारे, अन् दिवसातून दोनदा बाळाला ओवा-शेपा-वावडिंगाची धुरी. आईच्या पोटात असताना तुम्ही सगळं सांभाळलं अन् जन्मल्यावर पहिल्या चाळीस दिवसांत हे केलं तर काय उपयोग. निखारे लाल झाले, धूर दिसत नाही म्हणून गॅस नाही असं नसतं, कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. बाळाला ऊब पाहिजे तर आईच्या उघड्या छातीला लावून वरून गोधडी, टोपी-मोजे. मच्छरांसाठी मच्छरदाणी, कॉइल नाही. म्हाताऱ्या बाया ऐकत नाहीत, माझ्या स्वतःच्या आईनं ऐकलं नव्हतं, मी तेव्हा एमडी होऊन दोन वर्षं झाली होती अन् ती म्हणाली, ‘तुलेबी दिली होती धुरी, काहून मेला नाही तू?’ याला माझ्याकडं तेव्हाही उत्तर नव्हतं. शेवटी मी धुरीचं सामान घेऊन तिला म्हटलं, अंगणात दे, देवघरासमोर दे, बाळाच्या खोलीत नको, अन् तेवढ्यावर ती तयार झाली. तुमच्या सासूबाईंनाही असं काहीतरी द्यावं लागेल.

पाण्याचा रिपोर्ट आला की फ्लोराइड अन् नायट्रेट हे दोन आकडे मला कळवा, बाकीचा कागद नसला तरी चालेल, अन् सोनोग्राफीची तारीख आजच घेऊन टाका.